पडद्यावरचे पास्टर आणि त्यांचे उरलेले सहा दिवस

नमस्कार मंडळी. विषय तुम्हाला माहितीच आहे, सिनेमात पास्टर म्हणजे प्रोटेस्टंट चर्चचे पाळक, प्रीचर म्हणजे उपदेशक आणि फादर म्हणजे कॅथलिक धर्मगुरू, ही माणसं कशी दाखवतात. मी चर्चमध्ये वाढलेय आणि सिनेमाही तितक्याच प्रेमाने बघत आलेय, त्यामुळे यावर बोलताना मी तटस्थ वगैरे राहणार नाही, ते आधीच सांगते. पिक्चर सुरू होऊन दहा मिनिटं झालीत, दार उघडतं आणि गळ्यात पांढरी कॉलर घातलेला माणूस आत येतो, की आपण लगेच मनात काहीतरी ठरवून टाकतो. एकतर हा फार भला माणूस असणार आणि शेवटी कुणासाठी तरी जीव देणार, नाहीतर सगळ्या भानगडीच्या मुळाशी हाच निघणार. तिसरं काही पटकन सुचतच नाही, कारण सिनेमाने ते आपल्याला फार कमी वेळा दाखवलंय. मला आज एवढंच सांगायचंय की रविवारी उपदेश करणारा माणूस कॅमेऱ्याला फार आवडतो, पण उरलेले सहा दिवस पाळकाचं जे खरं काम असतं, म्हणजे आजाऱ्याच्या उशाशी बसणं, मयताच्या घरी जाणं, एखाद्याचं तासभर ऐकून घेणं आणि तरी त्याला काय सांगावं हे न कळणं, ते पडद्यावर आणायला फार थोड्यांना जमलं. आणि ज्यांना जमलं त्यांच्याच पिक्चरमध्ये पास्टर आपल्याला माणूस म्हणून भेटतो.

आता ढोंगी प्रीचर हा प्रकार काही अलीकडचा नाही बरं का. १९२५ साली ऑस्कर मिशो या कृष्णवर्णीय अमेरिकन दिग्दर्शकाने 'बॉडी अँड सोल' नावाचा मूकपट काढला. पॉल रोबसन पहिल्यांदा पडद्यावर आला तो यात, आणि त्याचा रोल काय, तर तुरुंगातून पळालेला एक कैदी जो पाळक बनून एका गावातल्या मंडळीला, म्हणजे चर्चच्या लोकांना, लुबाडतो. त्यात एक कष्टाळू बाई आहे, तिने सगळी बचत बायबलच्या पानांत लपवून ठेवलीय आणि हा माणूस नेमकी तीच उचलतो. न्यूयॉर्कच्या सेन्सॉरने आधी परवानगीच दिली नाही, मिशोला पिक्चर पुन्हा एडिट करावा लागला. मला यात मोठी गोष्ट ही वाटते की मिशो हे बाहेर उभं राहून बोलत नव्हता, आपल्याच लोकांना सांगत होता. त्या समाजात चर्च म्हणजे शाळा, सभागृह, अडल्यानडल्याची मदत सगळं एकाच छपराखाली असायचं, त्यामुळे तिथला माणूस खोटा निघाला तर नुसता विश्वास नाही जात, घरही बुडतं. हे त्याला माहिती होतं म्हणून त्याने पैसे बायबलमध्ये ठेवले, पेटीत नाही.

यानंतर हॉलिवूडने स्वतःवरच एक आचारसंहिता घालून घेतली, जिला सगळे हेज कोड म्हणतात. १९३० मध्ये ती मान्य झाली आणि १९३४ पासून कडकपणे लागू झाली. ती लिहिण्यात डॅनिअल लॉर्ड नावाचे जेझुइट, म्हणजे एका कॅथलिक संघाचे, फादर आणि मार्टिन क्विग्ली हे कॅथलिक प्रकाशक होते. त्यात एक कलम सरळ असं होतं की धर्मगुरूला धर्मगुरू म्हणून विनोदी पात्र किंवा खलनायक दाखवायचं नाही, आणि कारणही दिलं होतं की लोक त्या माणसाकडे ज्या नजरेने बघतील त्याच नजरेने ते धर्माकडे बघायला लागतील. आता हा हेतू वाईट होता असं मी म्हणणार नाही, त्यामागची भीती खरी होती. पण त्याने झालं काय, की जवळजवळ तीन दशकं पडद्यावरचा फादर चुकूच शकत नव्हता, आणि ज्याला चुकायची मुभा नाही त्याच्या मनात काय चाललंय हे बघायची गरजच कुणाला वाटत नाही.

त्या काळातला सगळ्यात गाजलेला म्हणजे १९४४ चा 'गोइंग माय वे'. बिंग क्रॉस्बी तरुण फादर ओमॅली, गोड गातो, वाया चाललेल्या पोरांचा कॉयर, म्हणजे गाणाऱ्यांचा गट, बनवतो, कर्जात बुडालेलं चर्च वर काढतो. सात ऑस्कर मिळाले त्याला. क्रॉस्बी छानच आहे, पण माझं लक्ष दरवेळी बॅरी फिट्झजेराल्डकडे जातं, तो त्यात म्हातारा फादर झालाय. आयुष्यभर एकच चर्च सांभाळलं आणि आता त्याच्या हाताखाली म्हणून आलेला हा पोरगाच खरं तर त्याची जागा घ्यायला आलाय हे त्याला हळूहळू कळतं. कुठल्याही म्हाताऱ्या पाळकाला विचारा, हे दुःख काय असतं ते. त्या गोड गोड पिक्चरमध्ये तेवढं एक पात्र खरं वाटतं, आणि अकादमीलाही बहुतेक तसंच वाटलं असणार कारण त्या एकाच भूमिकेसाठी त्याला मुख्य अभिनेता आणि सहायक अभिनेता अशी दोन्ही नामांकनं मिळाली होती, नंतर असं होऊ नये म्हणून नियमच बदलला.

मग खलनायक प्रीचर कसा आला? तर वाट काढून आला. १९५५ चा 'द नाइट ऑफ द हंटर', चार्ल्स लॉटनने दिग्दर्शित केलेला एकमेव पिक्चर. रॉबर्ट मिचमचा हॅरी पॉवेल, एका हाताच्या बोटांवर 'लव्ह' गोंदलंय, दुसऱ्या हाताच्या बोटांवर 'हेट'. तुरुंगात त्याला कुणीतरी विचारतं की बाबा तुझा धर्म कुठला, तर तो म्हणतो की देवाने आणि मी मिळून आपसात ठरवलाय तो. म्हणजे याला कुठल्या चर्चने दीक्षा दिलेली नाही, हा स्वयंघोषित आहे, त्यामुळे कोडचं कलमही पाळल्यासारखं झालं. पण मला तुम्हाला त्यातला एकच सीन नीट सांगायचाय. रात्र आहे, पॉवेल अंगणात बसून दोन पोरांची वाट बघतोय, त्यांना मारायला आलाय, आणि तो एक जुनं भजन गातोय, 'लीनिंग, लीनिंग' म्हणजे टेकलोय, विसावलोय असं. आत लिलियन गिश, म्हणजे त्या पोरांना आसरा देणारी म्हातारी, मांडीवर बंदूक घेऊन खुर्चीत बसलीय. आणि ती त्याच्या सुरात सूर मिसळून तेच भजन गायला लागते. पण ती गाते त्यात येशूचं नाव आहे, आणि तो जे गात होता त्यात ते नाव नाही. दोघं एकाच चालीत गातायत, तोच अंधार, तोच सूर, आणि फरक फक्त त्या एका नावाचा. पिक्चर इथे कुणाला काही समजावून सांगत नाही, दोन आवाज फक्त शेजारी ठेवतो आणि ऐकणाऱ्याने ऐकायचं. खोटा उपदेशक आणि खरा विश्वास यातला फरक इतका नेमका मी दुसरीकडे कुठे बघितला नाही. पिक्चर त्या वेळी पडला आणि लॉटनने परत कधी दिग्दर्शन केलं नाही, हे नुकसान फार मोठं झालं.

१९६० ला 'एल्मर गँट्री' आला, बर्ट लँकेस्टर फिरता सेल्समन आहे आणि तंबूतल्या रिव्हायव्हल, म्हणजे लोकांचा विश्वास जागवणाऱ्या, सभांमध्ये घुसतो, आधी तिथल्या उपदेशिका सिस्टर शॅरनवर डोळा ठेवून आणि मग त्या गर्दीच्या नशेत. लँकेस्टरला ऑस्कर मिळालं आणि तिथून पुढे एक ठराविक साचा तयार झाला, घाम, मोठा आवाज, हवेत उंचावलेलं बायबल आणि मागे दानाच्या पेट्या. १९६८ मध्ये कोड संपला, मग तर मोकळं रानच मिळालं. १९७२ ची 'मार्जो' ही डॉक्युमेंटरी तुम्ही जरूर बघा, मार्जो गॉर्टनर चार वर्षांचा असताना त्याला दीक्षा देऊन प्रीचर बनवला होता, नावसुद्धा मेरी आणि जोसेफ जोडून केलेलं. मोठेपणी तो कॅमेरावाल्यांना बरोबर घेऊन एक शेवटची टूर करतो, सभेत लोकांना रडवतो आणि रात्री हॉटेलच्या खोलीत पैसे मोजतो, हे सगळं तो स्वतःच दाखवतो. मला त्यात सगळ्यात जास्त वाईट कशाचं वाटतं सांगू, सभेत आलेल्या बायकांचे चेहरे बघून. त्या खऱ्या आहेत. त्यांचा आनंद खरा आहे. आणि १९८७ नंतर टीव्हीवरच्या मोठमोठ्या प्रचारकांची प्रकरणं बाहेर पडली, जिम बेकरला १९८९ मध्ये फसवणुकीसाठी कोर्टाने दोषी ठरवलं, तेव्हा तर पटकथा लिहिणाऱ्यांना वेगळं काही शोधायची गरजच उरली नाही.

इथे मला थोडं थांबून बोलायचंय, कारण चर्चमधले बरेच लोक म्हणतात की सिनेमावाले मुद्दाम आपली बदनामी करतात. नाही हो. 'स्पॉटलाइट' हा २०१५ चा पिक्चर घ्या, बॉस्टनमधल्या फादर लोकांनी लहान मुलांवर केलेले अत्याचार आणि वरच्यांनी ते वर्षानुवर्षं कसं दाबून ठेवलं, बॉस्टन ग्लोबने २००२ मध्ये हे छापलं, त्याची ती गोष्ट आहे. असा पिक्चर बनायलाच हवा होता आणि तो आपण चर्चमध्ये बसून बघायला हवा, असं मला मनापासून वाटतं. ज्या मुलांचं ऐकून घ्यायला कुणी नव्हतं त्यांचं निदान पडद्याने तरी ऐकलं. माझी तक्रार वेगळीच आहे. ज्या पिक्चरला गुन्ह्याशी काही देणंघेणं नाही, ज्याला फक्त एक पटकन ओळखू येणारा दांभिक माणूस हवाय, तो कॉलर लावून मोकळा होतो. तिथे कुणावर अन्याय झालाय म्हणून तळमळ नसते, लिहिणाऱ्याचा कष्ट वाचवलेला असतो फक्त.

आणि याचं एक साधं कारण असंही आहे की प्रवचन हे आधीच तयार असलेलं नाटक आहे. एक माणूस उंचावर उभा, समोर शंभर चेहरे, आवाज चढतो उतरतो, कॅमेरा खाली ठेवला की माणूस आपोआप मोठा दिसतो, मध्ये एखादी रडणारी बाई दाखवली की झालं. नटाला तर पर्वणीच. 'देअर विल बी ब्लड' मध्ये पॉल डॅनोचा एली संडे हा तरुण प्रीचर एका म्हातारीच्या हातातला संधिवात बाहेर काढतो, कुजबुजतो, मग ओरडतो, दाराबाहेर पिटाळतो, आणि तेलवाला डॅनिएल मागे उभं राहून शांतपणे बघतो, त्याला त्यात धंदाच दिसतो. सीन म्हणून जबरदस्त आहे. पण एली त्या म्हातारीच्या घरी सोमवारी गेला का, तिचा हात खरंच बरा झाला का, हे पिक्चरला विचारावंसं वाटत नाही. अर्थात त्या पिक्चरची गोष्टच वेगळी आहे म्हणून मी त्याला दोष देत नाही, पण सगळेच पिक्चर हेच करायला लागले की अडचण होते.

दुसरं असं की कॅमेऱ्याला पास्टरपेक्षा फादर सोपा पडतो. झगा आहे, मेणबत्त्या आहेत, रंगीत काचा आहेत, कन्फेशनची, म्हणजे पापांची कबुली द्यायची, जाळी आहे. हिंदी पिक्चरमध्येही बघा, जवळजवळ नेहमी पांढऱ्या झग्यातले फादरच असतात. पास्टर मात्र साध्या शर्टात असतो, त्याला बायको असते, पोरांची फी असते, मंडळीच्या कमिटीशी छप्पर दुरुस्तीवरून वाद असतो, हे सगळं पडद्यावर दिसायला काहीच नाही. १९७३ च्या 'एक्झॉर्सिस्ट' नंतर तर फादर म्हणजे भूत उतरवणारा माणूस असंच होऊन बसलं. गंमत म्हणजे त्या पिक्चरमध्ये भुतापेक्षा फादर कॅरसची आई जास्त लक्षात राहावी असं आहे, तो स्वतः मानसोपचारतज्ज्ञ असून त्याची म्हातारी आई एकटी मेलीय आणि ते त्याला आतून खातंय. नंतरच्या नकला करणाऱ्यांनी भूत घेतलं आणि आई सोडून दिली.

आता मला जे पिक्चर मनापासून आवडतात त्यांच्याकडे येते.

रॉबर्ट डुव्हालने १९९७ मध्ये 'द अपॉसल' केला. लिहिला त्याने, दिग्दर्शन त्याचं, पैसे त्याच्या खिशातले, आणि त्यात बरेच खरे प्रीचर आणि चर्चला जाणारी खरी माणसं घेतली. सनी नावाचा टेक्सासमधला पेंटेकॉस्टल या ख्रिस्ती पंथाचा प्रीचर आहे, बायकांच्या बाबतीत घसरलेला, रागीट. बायको दुसऱ्याबरोबर जाते आणि नियमावर बोट ठेवून त्याचं चर्चही त्याच्याकडून काढून घेते, तेव्हा तो त्या दुसऱ्या माणसाला बेसबॉलच्या बॅटने मारतो आणि पळून जातो, तो माणूस पुढे मरतो. म्हणजे हा खुनी आहे. पण सुरुवातीचाच सीन बघा, हायवेवर अपघात झालाय, सनी आईला गाडीत बसवून ठेवतो आणि बायबल घेऊन चेपलेल्या गाडीपाशी जातो, आत एक तरुण मुलगा अर्धमेला पडलाय, शेजारी एक मुलगी, आणि हा खिडकीत डोकं घालून त्या मुलाशी हळू आवाजात बोलतो, येशूबद्दल सांगतो, पोलीस येऊन जा म्हणतो तरी जात नाही. इथे ना माईक, ना गर्दी, ना दानपेटी. ज्याला पैसे हवे असतात तो मरणाऱ्या माणसापाशी जाऊन काय करेल?

पुढे तो लुइझिआनात जातो, नाव बदलतो, एका निवृत्त कृष्णवर्णीय पाळकाच्या मदतीने बंद पडलेलं छोटं चर्च उभं करतो. आणि डुव्हाल इथे तेच दाखवतो जे बाकीचे कापून टाकतात, दुसऱ्या नोकऱ्या करणं, जुनी बस रंगवणं, लोकांना घरून घेऊन येणं, गरिबांच्या दारात खाण्याची खोकी ठेवून येणं. पहिल्या सभेला जेमतेम मूठभर माणसं. एक माणूस बुलडोझर घेऊन चर्च पाडायला येतो तेव्हा सनी बायबल बुलडोझरपुढे जमिनीवर ठेवतो, आणि तो माणूस ते उचलायला खाली उतरतो आणि रडायला लागतो, तर सनी त्याच्याबरोबर धुळीत खाली बसतो. शेवटी पोलीस येतात, ते दाराशी थांबतात, तो प्रवचन पूर्ण करतो आणि मग जातो. डुव्हालने कुठेही त्याला निर्दोष ठरवलं नाही आणि कुठेही खोटाही ठरवला नाही. खून केलाय तो खरा, प्रार्थना करतो तीही खरी. चर्चमध्ये वाढलेल्या कुणालाही अशी माणसं माहिती असतात, सिनेमाला मात्र ती एवढी उशिरा कळली.

दुसरा पिक्चर याच्या अगदी उलट टोकाचा, इंगमार बर्गमनचा १९६३ चा 'विंटर लाइट'. बर्गमनचे वडील स्वतः लुथरन या प्रोटेस्टंट पंथाचे पाळक होते हे लक्षात ठेवून बघा. एक रविवार दुपार, तोमास नावाचा पाळक, सर्दीतापाने बेजार, थोड्याशा माणसांना प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीचा पाव आणि द्राक्षारस, देतो. उपासना संपल्यावर एक गरोदर बाई आपल्या नवऱ्याला घेऊन येते, तो कोळी आहे, चीन अणुबॉम्ब बनवणार हे पेपरात वाचल्यापासून तो बोलेनासा झालाय. तोमास म्हणतो बायकोला घरी सोड आणि परत ये. तो येतो. आणि तोमास काय करतो, तर स्वतःबद्दलच बोलत सुटतो, आपल्या मेलेल्या बायकोबद्दल, देवावरच्या उडालेल्या विश्वासाबद्दल. समोरच्या माणसाला एक शब्द बोलायला जागा ठेवत नाही. तो माणूस निघून जातो आणि नदीकाठी स्वतःला गोळी मारून घेतो.

यानंतरचा सीन मला कधीच विसरता येणार नाही. तोमास नदीवर जातो, प्रेत तिथेच पडलंय, पोलीस आणि चार माणसं आहेत, कॅमेरा लांब उभा आहे आणि पाण्याचा आवाज एवढा मोठा आहे की ते काय बोलतायत त्यातलं काही ऐकू येत नाही. तो प्रेताशेजारी उभा राहतो, ताडपत्री घालायला मदत करतो. मग त्या बाईच्या घरी जातो, सांगतो, आणि विचारतो की बायबलमधलं काही वाचू का, ती नको म्हणते. झालं. पाळकाच्या कामाचा हा सगळ्यात अवघड भाग, दारात उभं राहून ती बातमी सांगणं, बर्गमनने कसलंही संगीत न लावता दाखवला. आणि पिक्चरमध्ये पाळकापेक्षा मोठा उपदेशक कोण निघतो, तर चर्चमध्ये घंटा वाजवणारा, पाठीला कुबड असलेला अल्गोत. तो म्हणतो की ख्रिस्ताच्या शरीराच्या वेदना काही तासांच्या होत्या, तेवढ्या तर मीही सोसल्यात, पण शिष्य झोपले, सगळे पळून गेले आणि देवही गप्प राहिला, ते किती भयंकर असेल. समोर देवाच्या मौनाने खचलेला पाळक बसलाय आणि हे त्याला एक सेवक सांगतोय. मग दुसऱ्या चर्चमध्ये उपासनेची वेळ होते, बाकांवर जवळजवळ कुणीच नाही, तरी तो उभा राहतो आणि सुरू करतो. विश्वास परत आला की नुसतं कर्तव्य, यावर लोक अजून वाद घालतात, घालू देत. ज्याने आयुष्यात रिकाम्या बाकांपुढे उपासना घेतलीय त्याला त्यातलं बरोबर काय ते कळतं.

रोबेर ब्रेसाँचा १९५१ चा 'डायरी ऑफ अ कंट्री प्रीस्ट' इथे सांगायलाच हवा. नवा, आजारी, तरुण फादर, पोटात काही ठरत नाही म्हणून पाव वाइनमध्ये बुडवून खातो आणि गाव म्हणतं की हा दारुडा आहे. एका कुटुंबातली बाई मुलगा गेल्यापासून देवावर रुसून बसलीय. दोघांचं लांबलचक बोलणं होतं, वादच जवळपास, ती शेवटी मुलाची आठवण म्हणून ठेवलेलं लॉकेट आगीत फेकते आणि हा झटकन हात घालून ते बाहेर काढतो. तिला शांती मिळते, तसं ती पत्रात लिहिते, आणि त्याच रात्री मरते. गाव म्हणतं यानेच तिला छळून मारलं. पत्र त्याच्याकडे असतं, दाखवलं तर सगळे गप्प होतील, पण तो ते दाखवत नाही. किती पाळकांनी लोकांची गुपितं पोटात ठेवून लोकांच्याच शिव्या खाल्ल्या असतील!

पॉल श्रेडर हा कट्टर कॅल्विनिस्ट, म्हणजे कडक प्रोटेस्टंट पंथाच्या, घरात वाढलेला, तरुणपणी ब्रेसाँवर लिहिलेला दिग्दर्शक, त्याने २०१७ मध्ये 'फर्स्ट रिफॉर्म्ड' केला आणि हे दोन्ही पिक्चर त्यात स्पष्ट दिसतात. ईथन हॉकचा टॉलर एका ऐतिहासिक, जवळपास रिकाम्या चर्चचा पाळक, टुरिस्टना चर्च दाखवतो, एका तरुणाला भेटतो जो पर्यावरणाच्या भीतीने म्हणतो की या जगात मूल आणू नये. त्यांचं ते बोलणं मिनिटांवर मिनिटं चालतं, दोन खुर्च्या आणि दोन माणसं, बाकी काही नाही, आणि टॉलर नंतर डायरीत म्हणतो की बायबलमधल्या याकोबाने रात्रभर दूताशी झुंज घेतली तसं वाटलं. थ्रिलरसारखं बसून बघतो आपण ते. पण मला त्यातलं सगळ्यात जास्त आवडतं ते शेजारच्या मेगाचर्चच्या पास्टरला, जेफर्सला, दिलेलं स्थान. दुसरा कुणी असता तर त्याला सरळ पैसेखाऊ केला असता, कारण त्याच्या चर्चला प्रदूषण करणाऱ्या कंपनीच्या मालकाचं दान येतं. श्रेडर त्याला बाजू देतो. जेफर्स टॉलरला म्हणतो की तू कायम बागेतच असतोस, येशूसुद्धा सगळा वेळ गेथशेमानेत, म्हणजे मरणाच्या आदल्या रात्री जिथे त्याने तळमळून प्रार्थना केली त्या बागेत, नव्हता. त्याला हजारो लोकांचं चर्च चालवायचंय, बिलं भरायचीत, तरुणांना धरून ठेवायचंय, आणि तो टॉलरची खरंच काळजी करतो. तडजोड करणाऱ्या पास्टरला असा न्याय देणारा दुसरा पिक्चर मला आठवत नाही.

आणि एक छोटासा सीन, २०१४ च्या 'सेल्मा' मधला. मार्टिन ल्यूथर किंग यांना आपण नेता म्हणून ओळखतो पण ते पाळक होते, आणि दिग्दर्शिका एव्हा ड्यूव्हर्ने ते विसरली नाही. त्यांच्या भाषणांचे हक्क दुसऱ्यांकडे होते म्हणून तिला सगळी भाषणं नव्याने लिहावी लागली, आणि मला वाटतं त्याचा फायदाच झाला, कारण मग पाठ झालेल्या वाक्यांवर टाळ्या मिळवायची सोय उरली नाही. पोलिसांच्या गोळीने मेलेल्या तरुणाच्या आजोबांना किंग शवागारात भेटतात. तिथे ते आधी कबूल करतात की तुमचं सांत्वन होईल असे शब्द माझ्याकडे नाहीत, आणि मग एवढंच सांगतात की तुमच्या पोरासाठी सगळ्यात आधी देव रडला. ज्या माणसाचा आवाज सगळ्या जगाला माहितीय त्याला तिने इतकं हळू बोलायला लावलं.

प्रश्नोत्तरात कुणीतरी विचारलं की यात बाया कुठे आहेत. बरोबर विचारलंत, फारशा नाहीतच. 'एल्मर गँट्री' मधली शॅरन आहे, पण ती तंबूतली चमत्कारिक देवी जास्त आणि बाई कमी. किती चर्चमध्ये आज बाया पाळक आहेत, पण पिक्चरमध्ये त्या बहुतेक लग्न लावायला दोन मिनिटं येतात. आणि पाळकाची बायको तर त्याहून बेपत्ता. रात्री दोनला फोन वाजला की तो उठतो तशी तीही उठते, मंडळीतल्या निम्म्या बायका आपलं दुःख आधी तिला सांगतात, आणि पगार तिला काहीच नसतो. तिच्यावर एक पूर्ण पिक्चर व्हायला हवा, आणि तो कुणी लिहीत असेल तर मी त्याला बसून तासन् तास माहिती देईन.

आणखी एका मुलाने विचारलं की चर्चच्या युवकांना यातलं काय दाखवावं. 'द अपॉसल' आधी दाखवा, तो मुलांना धरून ठेवतो आणि वाद घालायला भाग पाडतो. 'विंटर लाइट' नंतर, आणि तो मोठ्या लोकांबरोबर, तो संपल्यावर चर्चा करायला निदान तासभर हातात ठेवा. त्या चर्चेला तुमच्या पाळकांना बोलवा, त्यांच्या बायकोलाही बोलवा, आणि आधी त्या दोघांना बोलू द्या.